कुंपण नसलेलं अंगण

हं, मागच्या खांबाला टेकून बसलेल्यांनी जरा पुढे सरका बघू! खांब काही पडत नाही, तुम्ही नाही धरलात तरी. आणि ज्यांच्या खिशात फोन आहे, म्हणजे सगळ्यांच्याच, त्यांनी त्याचं तोंड बंद करा. आता घटकाभर फक्त माझं तोंड चालणार!

मंडळी, एक प्रश्न विचारतो. देवाला वाहिलेलं फूल कुणाचं? ज्यानं वाहिलं त्याचं? ज्याला वाहिलं त्याचं? की ज्याच्या दारात ते फुललं त्याचं?

हसताय? सोपा वाटला ना प्रश्न! अहो, ह्याच प्रश्नाचं उत्तर मिळवायला एका म्हाताऱ्याला राजापुरातून उठून अमेरिकेत जावं लागलं. आणि तिथं गेल्यावर उत्तर मिळालं, पण ते काळीज चिरून मिळालं. ऐका तर मग!

राजापुरात एक नरहरपंत सोवनी. पोस्टातून निवृत्त झालेले, बायको देवाघरी गेलेली, घरात एकटे. सगळा गाव त्यांना नाना म्हणायचा. माणूस सरळ, पूजाअर्चेत पक्का, पण जीभ — अहाहा! संध्याकाळी आरती झाली की देवळाच्या पायरीवर बैठक बसायची आणि नानांचा आवडता विषय निघायचा. कोणता? अमेरिका!

"त्या देशाला संस्कृती नाही हो!" नाना मांडीवर थाप मारून म्हणायचे. "आईबापांना वृद्धाश्रमात टाकतात. नवरे बदलतात आपण पंचांग बदलतो तसे. आणि सरकार? जगभर भांडणं लावायची, बंदुका विकायच्या, आणि वर आपणच शांततेचं प्रवचन झोडायचं!"

समोर बसायचे किराणा दुकानाचे तात्या शेट्ये. ते उसळायचे! "काय बोलता नाना? सरकार असावं तर तसं! रस्ता कसा, तर श्रीखंड ओतून चाटावं! कचेरीत गेलात तर साहेब स्वतः उठून विचारतो, काय काम आहे! आणि आपल्याकडे? साहेब जेवायला गेलेत!"

झालं! एकाचा नरक, एकाचा स्वर्ग. आणि दोघांचा प्रवास कुठवर? तर मुंबईपर्यंत, तोही भाचीच्या लग्नाला! तात्यांनी अमेरिका पाहिली पुतण्याच्या फोटोत, नानांनी पाहिली वर्तमानपत्रात. पण ठामपणा असा, की जणू दोघंही तिथं तलाठी होते!

आणि गंमत ऐका. नानांचा एकुलता एक मुलगा मुकुंद, तो कुठे होता? त्याच नरकात! ज्या गुडघ्यांवर जोर देऊन नाना अमेरिकेला शिव्या घालायला उठायचे, त्या गुडघ्यांचं औषध मुकुंद तिकडून पाठवायचा. औषध लागू पडायचं, शिव्याही चालू राहायच्या. हसा, हसा. पण हसताना आपापल्या घरात एकदा डोकावून बघा.

आता नानांचा आणखी एक नेम सांगतो, तो नीट ध्यानात ठेवा. रोज पहाटे हातात परडी आणि फांदी ओढायची आकडी घेऊन नाना फुलांना निघत. पहिला मुक्काम शेजारच्या इंदूताई भिडेंकडे. त्यांच्या दगडी गडग्यावरून लाल जास्वंदीची फांदी रस्त्यावर आलेली. "गडग्याबाहेर आलं ते फूल देवाचं," हा नानांचा कायदा. हा कायदा केला कुणी? नानांनी. इंदूताईंना विचारलं? छे! कायदा करताना विचारतात होय कुणाला?

तर एके वर्षी मुकुंदचा फोन आला. "नाना, शर्वरीला दिवस गेलेत. तुम्ही या. घरात कुणी मोठं माणूस हवं." नातवंडाचं नाव काढल्यावर कुठली संस्कृती आणि कुठलं काय! नानांनी बाळकृष्ण, शाळिग्राम, ताम्हन, घंटा, सगळं पंच्यात गुंडाळलं आणि निघाले.

पेनसिल्व्हेनिया नावाच्या प्रांतात लहानसं गाव. मुकुंदचं घर टुमदार. नाना सगळं बघत होते, पण बघत होते कसे? वकील उलटतपासणीला साक्षीदाराकडे बघतो ना, तसे! रस्ता स्वच्छ दिसला की म्हणायचे, "माणूस कुठे दिसत नाही, मग घाण कोण करणार?" शेजारी हात हलवून हसला की म्हणायचे, "वरवरचं आहे सगळं!" शर्वरी बिचारी गालातल्या गालात हसायची. "नाना, तुम्ही राजापूरला परत जाऊन काय सांगणार, ते तुम्ही येण्याआधीच ठरवून आलायत," असं एकदा म्हणालीसुद्धा. सून असावी तर अशी, खरं बोलते आणि गरम चहा देते!

नानांची एकच अडचण. पूजेला फूल! मुकुंदनं दुकानातून गुच्छ आणला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, गारठलेला. नाना म्हणाले, "अरे, हे फूल आहे की भाजी? देवाला शिळं वाहू?" तेव्हा नानांनी आपला राजापूरचा नेम सुरू केला. सकाळी फिरायला निघायचं, हातात कापडी पिशवी. आणि काय बघतात? रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अंगणं, अंगणांत फुलंच फुलं, आणि कुंपण? कुंपणच नाही! गडगा नाही, काटेरी तार नाही, फाटक नाही. हिरवळ थेट रस्त्याला येऊन मिळालेली.

नानांचा कायदा काय होता? गडग्याबाहेरचं फूल देवाचं. आणि इथं गडगाच नाही! म्हणजे? म्हणजे सगळंच देवाचं की! घेत होते आपले, इथून एक, तिथून दोन. कुणी पाहिलं नाही, कुणी बोललं नाही.

असा मे महिना संपत आला. त्या दिवशी नेमकी एकादशी. समोरच्या घराच्या अंगणात एक झुडूप आदल्याच दिवशी उमललं होतं. ओंजळीत मावणार नाही एवढं गुलाबी फूल, पाकळ्यांवर पाकळ्या, थेट कमळाची बहीण! नाना हरखले. म्हणाले, "बाळकृष्णा, आज तुझी चैन आहे!" आणि उमललेली होती तेवढी सगळी फुलं तोडली. मागे राहिल्या नुसत्या कळ्या.

घरी आले, आंघोळ केली, सोवळं नेसले, पूजा मांडली. बाळकृष्ण फुलांत दिसेनासा झाला! गंध लावलं, हळदकुंकू वाहिलं, ताम्हनात नैवेद्याची खडीसाखर ठेवली. आता घंटा हातात घ्यायची, तेवढ्यात दारावरची घंटी वाजली.

मुकुंदनं दार उघडलं. दारात पोलीस! एक उंच बाई, कमरेला पट्टा, डोक्यावर टोपी. बोलणं इंग्रजीत बरं का, मी आपलं मराठीत सांगतो. नाना पोस्टात होते, त्यांना इंग्रजी चांगलं कळत होतं. आत देवासमोर बसून ते ऐकत होते.

पोलीसबाई म्हणाल्या, "त्रास देते, माफ करा. समोरच्या वॉल्टरच्या अंगणातली फुलं आज सकाळी कुणीतरी तोडून नेली. तुम्ही कुणाला पाहिलंत?"

मुकुंदला वाटलं, फुलांसाठी पोलीस? तो हसतच म्हणाला, "फुलं?"

"नुसती फुलं नाहीत," बाई म्हणाल्या. "वॉल्टरचा मुलगा सैन्यात होता. परमुलखात लढाईत गेला. निघण्याआधी त्यानं आईसाठी ते झुडूप लावलं होतं. आता आईही नाही. वर्षातून एकदाच, चार दिवस फुलतं. आणि आज सैनिकांचा स्मरणाचा दिवस. वॉल्टर दरवर्षी आज तीच फुलं मुलाच्या थडग्यावर ठेवतो. म्हातारा सकाळपासून पायरीवर बसून राहिलाय."

आपल्याकडे सर्वपित्री असते ना मंडळी? पानं वाढून आपण कावळ्याची वाट बघतो. तसाच तो दिवस समजा. आणि पान वाढायला गेलेल्या बापाच्या हातातलं अन्नच कुणी उचलून नेलं!

मुकुंदनं नकळत मान वळवली. आत देवघराचं दार उघडं. फुलांचा ढीग!  आणि इकडे त्याचा नागरिकत्वाचा अर्ज झालेला, मुलाखतीची तारीख तोंडावर आलेली. किती वर्षं थांबला होता त्या तारखेसाठी! घर घेतलं ते त्या भरवशावर, मूल येऊ घातलं ते त्या भरवशावर. आणि आता पोलिसांच्या कागदावर बापाचं नाव? त्यानं दार अर्धवट लोटलं आणि म्हणाला —

"नाही. आम्ही कुणीच काही पाहिलं नाही."

बाईंनी आभार मानले आणि त्या पुढच्या घराकडे वळल्या.

मुकुंद आत आला. चेहरा पांढराफटक. "नाना! काय केलंत हे?"

नाना उठले. "चल. जाऊन सांगू या त्यांना."

"वेड लागलंय का तुम्हाला? मी आत्ता पोलिसांशी खोटं बोललोय! कळलं तर सगळं पाण्यात जाईल! मुलाखत, घर, सगळं!" आधी ओरडला. मग पोरानं हात जोडले. "नाना, तुमच्या पाया पडतो. गप्प बसा. आजचा दिवस फक्त गप्प बसा."

शर्वरी भिंतीला धरून उभी होती. 

नाना परत पाटावर बसले. काय करतील? एकीकडे पोटचा पोर, एकीकडे परका म्हातारा. सांगा मंडळी, तुम्ही काय केलं असतंत? लगेच मान डोलवू नका! आपल्या मुलाचं सगळं आयुष्य पणाला लागलंय असं धरा आणि मग सांगा.

नानांनी आरतीला घंटा उचलली. हात वर जाईना! बाळकृष्णाकडे पाहिलं. रोज हसरा दिसायचा, आज त्या फुलांमागे तोंडच दिसेना. नानांच्या मनात आलं, 'अरे, जन्मभर पायरीवर बसून सांगितलं, त्या लोकांना संस्कृती नाही. आणि आज? त्या संस्कृती नसलेल्या माणसाचं फूल चोरलं कुणी? मी. पोलिसांशी खोटं बोललं कोण? माझा मुलगा. आणि हे सगळं झालं कशासाठी? तर देवाच्या पूजेसाठी!'

नाना एकदम उठले. बाळकृष्णावरची फुलं भराभरा काढली आणि ताम्हनात ठेवली. आता जाणकार म्हणतील, बुवा, देवाला वाहिलेलं ते निर्माल्य, ते दुसऱ्याला कसं द्यायचं? बरोबर आहे शास्त्र! पण नाना म्हणाले, "ही देवानं घेतलीच नाहीत. मी ठेवली, त्यानं घेतली नाहीत." आणि ताम्हन दोन्ही हातांत धरून, नेसत्या सोवळ्यानं, उघड्या अंगानं, अनवाणी नाना त्या अमेरिकेच्या रस्त्यावर उतरले!

मुकुंद मागून धावला. "नाना, मागे फिरा! नाना, माझं सगळं जाईल हो!"

नाना थांबले. डोळे भरून आलेले. म्हणाले, "बाळा, तुझं काही जाऊ नये म्हणून मी जीव देईन. पण ही फुलं माझ्या घरात ठेवून मला आता नातवाचं तोंड बघवणार नाही." आणि चालू लागले.

समोरच्या पायरीवर वॉल्टर बसलेला. मोठा आडवा माणूस, पण पार विझलेला. घरं विचारून परत आलेल्या पोलीसबाई शेजारी उभ्या. नाना पुढे गेले, ताम्हन त्याच्या पायाशी ठेवलं आणि म्हणाले, "मी घेतली. आमच्या गावात कुंपणाबाहेरचं फूल देवाचं मानतात. तुमच्याकडे कुंपण दिसलं नाही, म्हणून मी सगळंच देवाचं धरलं. माझी चूक झाली. मी चोर आहे."

पोलीसबाईंनी नानांकडे पाहिलं, मग मागे उभ्या मुकुंदकडे. "तुम्हाला हे ठाऊक होतं?"

नानांच्या जिभेवर आलं होतं हो! 'त्याला काही ठाऊक नाही, त्यानं काही पाहिलं नाही.' बाप आहे! तोंड उघडलंही. पण त्याआधी मुकुंद पुढे आला. 

"ठाऊक होतं," मुकुंद म्हणाला. "तुम्ही दारात होतात तेव्हाच मला फुलं दिसली होती. मी तुमच्याशी खोटं बोललो. माझी नागरिकत्वाची मुलाखत तोंडावर आलीय. भ्यालो मी."

 

बाई वॉल्टरला म्हणाल्या, "तक्रार करायची आहे?"

वॉल्टरचं लक्षच नव्हतं. तो ताम्हनात वाकून बघत होता. एका फुलाच्या पाकळीवर कुंकू लागलं होतं. "हे लाल काय आहे?"

नाना म्हणाले, "कुंकू. देवाला लावतो. आणि मुलगा लढाईला निघाला की आई त्याच्या कपाळाला लावते, सुखरूप परत यावा म्हणून."

मंडळी, तो एवढा मोठा माणूस! खांदे गदगदायला लागले त्याचे. म्हणाला, "माझ्या मुलाला कुणी लावलं नव्हतं." आणि त्यानं नानांचा हात धरला. नानांचं सोवळं मोडलं. नानांच्या ते ध्यानातही आलं नाही.

तक्रार झाली नाही. बाई निघताना मुकुंदला म्हणाल्या, "तुम्ही खोटं बोललात, ते मी लिहून घेणार. आणि स्वतःहून खरं सांगितलंत, तेही लिहिणार. मुलाखतीत विचारलं तर दोन्ही सांगा." नानांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी ताम्हनातली खडीसाखर पुढे केली. बाई म्हणाल्या, "कामावर असताना मला काही घेता येत नाही." नाना चकित! "अहो, साखरेचा खडा!" "खडासुद्धा नाही," बाई म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. आता आपल्याकडे... जाऊ दे! पुढच्या रांगेत हवालदारसाहेब बसलेत.

नाना आणि वॉल्टर थडग्यावर गेले. वॉल्टरनं आधी एक लहानसा झेंडा रोवला, मग फुलं ठेवली, कुंकवासकट. नानांना राहवलं नाही. विचारलं, "ज्या सरकारनं मुलाला तिकडे पाठवलं, त्याच्याबद्दल मनात काय आहे?"

वॉल्टर म्हणाला, "राग आहे. ती लढाई चुकीची होती. मी त्यांच्या कचेरीच्या दारात फलक घेऊन उभा राहिलो. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा उभा राहीन."

"मग हा झेंडा?"

"हा त्यांचा थोडाच आहे? हा माझ्या पोराचा आहे."

 राजापूरच्या पायरीवर बसून नानांनी सरकार, लोक, देश, सगळ्याचा एकच गोळा केला होता आणि त्याला एकच शिवी दिली होती. आणि इथं हा म्हातारा सरकारशी भांडून दमलेला, तरी देशावर रुसलेला नाही. मग वॉल्टरनंही एक कबुली दिली. म्हणाला, "खरं सांगू? तुम्ही लोक समोर राहायला आलात तेव्हा मला वाटायचं, ही माणसं कामापुरती आलीत. इथलं घेतील, आपसात राहतील, आमच्याशी ह्यांचं काय!" नाना म्हणाले, "अगदीच चुकीचं नव्हतं. मी घेतलीच की!" दोघं म्हातारे मुलाच्या थडग्याशी रडता रडता हसले.

पुढे मुकुंदची मुलाखत झाली. विचारलं. त्यानं दोन्ही सांगितलं. उत्तर लगेच आलं नाही, लांबलं. शर्वरीला मुलगी झाली तरी आलं नव्हतं. पण मुकुंद बापाला एका शब्दानं बोलला नाही. आणि अखेर ज्या दिवशी त्यानं नागरिकत्वाची शपथ घेतली, त्या दिवशी त्याच्या शेजारी उभं राहायला वॉल्टर कोट घालून आला होता!

नाना राजापूरला परतले. संध्याकाळी पायरी भरली! तात्या शेट्ये पुढे सरसावून बसले. "हं नाना, सांगा! स्वर्ग की नरक?"

 नाना म्हणाले, "तात्या, एवढा मोठा देश, मला काय ठाऊक? मी एक अंगण पाहिलं. तेसुद्धा चोरून."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाना परडी घेऊन निघाले. आकडी घरीच ठेवली. इंदूताईंच्या गडग्याशी आले. जास्वंदीची फांदी तशीच बाहेर आलेली, लालभडक. नानांनी हात लावला नाही. फाटक उघडलं, आत गेले, कडी वाजवली.

इंदूताई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "नाना? काय हो, काय झालं?"

"काही नाही. म्हटलं... दोन फुलं घेऊ का?"

 इंदूताईंचे डोळे भरले. म्हणाल्या, "घ्या ना नाना. ही जास्वंद ह्यांनी लावलेली. ते गेल्यापासून रोज मनात येतं, एक फूल ह्यांच्या फोटोला घालावं. पण बाईमाणूस मी, पाणी भरून, केर काढून बाहेर येईपर्यंत झाड रिकामं झालेलं असतं. देवाचं म्हणून नेता, तुम्हाला कसं बोलायचं?"

मंडळी! सातासमुद्रापलीकडे जो बाप पायरीवर बसला होता ना, तो इथं गडग्याच्या आड रोज बसलेला होता. नानांना दिसला नव्हता! नानांनी त्या बाईपुढे मान खाली घातली. पहिलं फूल तोडलं ते परडीत नाही टाकलं, इंदूताईंच्या हातात दिलं.

आता अमेरिका चांगली की वाईट, ते मला विचारू नका. मी गेलेलो नाही! त्यांचं सरकार चुकलं तर चुकलं म्हणा, बेलाशक म्हणा, त्यांचा वॉल्टरच म्हणतो. आपलं चुकलं तरी म्हणा. पण ज्याच्या घरात कधी पाय ठेवला नाही, त्याच्या संस्कृतीचा पंचनामा करायला बसू नका! त्यांचं औषध आपल्याला चालतं, त्यांचा पैसा चालतो, पोरांना तिकडे धाडायला नवस बोलतो आपण. फूल त्यांचं, देव आपला, आणि शिव्या पुन्हा त्यांनाच? हा कुठला धर्म?

विचारलंत तर फूल तुमचं. नाही विचारलंत, तर देवाच्या डोक्यावर असलं तरी ते त्या पायरीवर बसलेल्याचंच!

वाती जरा पुढे सारा. देवाकडे बघा. केवढा देखणा हार घातलाय आज, ताजी जास्वंद, लाल, टपोरी. कुणी आणला हो? ...कुणी बोलत का नाही? बरं, नका सांगू. पण उद्या सकाळी ज्या दाराशी जाल, ते दार आधी वाजवा. आणि आता दोन्ही हात जोडा, रिकामे हात, आणि त्याला म्हणा, देवा, मागितल्याशिवाय घेतलेलं सगळं परत करायची बुद्धी दे!